सुरीच्या टोकावरचा मणी

अकिरा कुरोसावा यांच्या 'इकिरू' (१९५२) या चित्रपटाची सुरुवात एका क्ष-किरण छायाचित्राने होते. ते नायकाच्या जठराचे आहे. या जठरात कर्करोगाची चिन्हे दिसू लागली आहेत, पण ज्याचे ते आहे त्याला अद्याप याची कल्पना नाही, असे निवेदक आपल्याला सांगतो. पुढे दवाखान्यात ताटकळत बसलेल्या नायकाला शेजारचा एक अनोळखी रुग्ण ऐकवतो, की डॉक्टर 'साधा व्रण आहे' असे म्हणाले तर समजावे, वर्षभराचेही आयुष्य उरलेले नाही. नायक आत जातो आणि डॉक्टर त्याला नेमके तेच सांगतात.

साहित्याच्या आणि चित्रपटाच्या वर्गांत 'इकिरू'ची चर्चा होते ती मृत्यूच्या सावलीत जगण्याचा अर्थ शोधणाऱ्या एका कारकुनी माणसाची कथा म्हणून. ते योग्यच आहे. मात्र हा चित्रपट वैद्यकाच्या एका विशिष्ट अवस्थेचा दस्तऐवजही आहे. त्या डॉक्टरच्या असत्यामागे तत्कालीन जपानी वैद्यकातील संकेत तर होताच; पण सत्य सांगून पुढे करण्याजोगे फारसे काही हाती नव्हते, हेही होते. जठराचा कर्करोग चित्रात ओळखू येईपर्यंत बहुधा पुढे गेलेला असे. विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात जपानमध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये जठराचा कर्करोग अग्रस्थानी होता. त्यामुळे त्या प्रतीक्षागृहातला संवाद जपानी प्रेक्षकाला परका वाटण्याचे कारण नव्हते.

आज त्याच देशात हा रोग सुरुवातीच्या अवस्थेत सापडला, तर पुष्कळदा पोट न उघडता, तोंडावाटे आत सोडलेल्या दुर्बिणीतून जठराच्या अस्तराचा तेवढा भाग सोलून काढला जातो आणि जठर जागच्या जागी राहते. या पद्धतीला 'एन्डोस्कोपिक सबम्यूकोसल डिसेक्शन', संक्षेपाने 'ईएसडी', असे नाव आहे. तिच्या तांत्रिक यशाची कहाणी वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा सांगितली गेली आहे. प्रस्तुत लेखात मला तिच्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. एका माणसाच्या हाताला जमलेली गोष्ट शेकडो हातांना शिकवता येते, तेव्हाच ती वैद्यकाच्या मालकीची होते. हे शिकवणे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी दिली, हा माझा प्रश्न आहे.

१

या इतिहासाचा आरंभ कापण्यापासून होत नाही. तो पाहण्यापासून होतो. १८६८ साली जर्मनीत अडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळून दाखवणाऱ्या एका खेळकऱ्याच्या जठरात सरळ नळी उतरवली. तलवार गिळणाराच का, हे सांगायला नको. १९३२ साली रुडॉल्फ शिंडलर यांनी अर्धलवचिक दुर्बीण घडवली. तरीही जठराचे कानेकोपरे अंधारातच राहत.

'इकिरू'च्या दोन वर्षे आधी, १९५० साली, तोक्यो विद्यापीठाच्या रुग्णालयातले तरुण शल्यचिकित्सक तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीतील अभियंते मुत्सुओ सुगिउरा व त्यांचे सहकारी यांनी जठरात उतरणारा कॅमेरा तयार केला. नळीच्या टोकाशी इवलासा दिवा, भिंग आणि फिल्मची अरुंद पट्टी अशी त्याची रचना होती. छायाचित्र घेणाऱ्याला आतले काहीच दिसत नसे. खोली अंधारी करायची, पोटाच्या कातडीतून बाहेर झिरपणाऱ्या दिव्याच्या उजेडावरून कॅमेरा कोठे आहे याचा अंदाज बांधायचा आणि कळ दाबायची. काय टिपले गेले ते फिल्म धुतल्यावर कळणार. या संशोधनावर आधारलेली अकिरा योशिमुरा यांची 'हिकारू हेकिगा', म्हणजे 'चमकणारे भित्तिचित्र', ही कादंबरी १९८१ साली प्रसिद्ध झाली. जठराच्या आतल्या भिंतीला भित्तिचित्र म्हणणे ही निव्वळ अलंकारिक भाषा नाही. पुढच्या पिढीतील जपानी डॉक्टर त्या भिंतीकडे खरोखरच चित्रासारखे पाहायला शिकले.

प्रत्यक्ष पाहता पाहता छायाचित्र घेण्याची सोय काचतंतूंनी दिली. नरिंदर सिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे १९५४ साली दाखवून दिले होते. बेसिल हर्शोविट्झ यांनी त्यावरून लवचिक दुर्बीण सिद्ध केली आणि १९५७ साली ती प्रथम स्वतःच्या घशाखाली उतरवून पाहिली. १९६४ साली जपानमध्ये काचतंतू आणि जठर-कॅमेरा एकाच नळीत आले.

आता दिसत होते. पण दिसणे म्हणजे वाचता येणे नव्हे. १९६२ साली जपानी एन्डोस्कोपी संघटनेने 'प्रारंभिक जठर-कर्करोग' या संज्ञेची व्याख्या केली. जठराच्या भिंतीचे थर आतून बाहेर असे सांगता येतील : सर्वांत आत मऊ अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचा सैलसर थर, मग स्नायूंचा जाड थर आणि बाहेरून पातळ आवरण. रोग अस्तरात किंवा फार तर त्याखालच्या सैल थरात असेल, तर तो प्रारंभिक. मग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असो वा नसो. या व्याख्येसोबत रूपांचे वर्गीकरणही आले : उंचवटा, किंचित उठाव, सपाट, किंचित खोलगट, खड्डा. भिंतीवर नीळवर्णी द्रव फवारून तिचे चढउतार उठावदार करून पाहण्याची पद्धत रूढ झाली.

'इ तो चो' ('जठर आणि आतडे') हे नियतकालिक १९६६ साली सुरू झाले. एकाच रुग्णाचे क्ष-किरण चित्र, दुर्बिणीतले चित्र आणि कापून काढलेल्या जठराचा सूक्ष्मदर्शकाखालचा छेद यांची बिंदूगणिक जुळणी करणे, ही या परंपरेची शिस्त होती. काढलेला भाग ताणून टाचण्यांनी पसरायचा, त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या, कोणत्या पट्टीत रोग कोठून कोठवर आहे ते रेषेने दाखवायचे आणि तो नकाशा मूळ छायाचित्रावर बसवायचा. ज्या डॉक्टरने 'रोगाची कड येथे आहे' असे म्हटले होते, त्याला आपले वाचन कोठे चुकले हे सर्वांसमक्ष दिसे. आपल्याकडे संहितेच्या एखाद्या पाठावर वर्षानुवर्षे वाद चालू राहू शकतो, कारण निर्णय देणारी मूळ प्रत हरवलेली असते. या वाचकांची मूळ प्रत मात्र दर वेळी टेबलावर हजर असे. ईएसडीच्या शिक्षणाचा पहिला वर्ग हा होता, आणि तो ईएसडी जन्माला येण्याच्या तीसएक वर्षे आधीच भरू लागला होता.

२

प्रारंभिक रोग सापडू लागला तरी उपचार जुनाच होता : पोट उघडून जठराचा मोठा भाग किंवा संपूर्ण जठर आणि सोबत लसिका ग्रंथी काढून टाकायच्या. रुग्ण वाचत असे. उरलेले आयुष्य मात्र थोडे थोडे खात, वजन राखण्याची धडपड करीत काढावे लागे. मग एवढासा रोग दुर्बिणीतूनच का काढू नये?

याचे उत्तर लसिका ग्रंथींत दडलेले होते. दुर्बिणीतून अस्तर काढता येते, ग्रंथी काढता येत नाहीत. रोग तेथवर पोहोचला असेल तर अस्तर सोलून उपयोग नाही. उलट बरे झाल्याच्या भ्रमात रुग्ण दगावेल. तेव्हा कोणत्या प्रकारचा, किती आकाराचा, किती खोल गेलेला रोग ग्रंथींपर्यंत पोहोचतच नाही, हे आधी कळायला हवे होते. तोक्योतील राष्ट्रीय कर्करोग केंद्राचे रुग्णालय आणि कर्करोग संस्थेचे रुग्णालय या दोन ठिकाणी प्रारंभिक रोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी ताकुजी गोतोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या व निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. अस्तरापुरताच मर्यादित, तीन सेंटिमीटरपर्यंतचा आणि ज्याच्या पेशींनी आपली मूळ घडण बऱ्यापैकी राखली आहे, अशा रोगाची १,२३० उदाहरणे त्यांत होती. त्यांपैकी एकाच्याही लसिका ग्रंथींत कर्करोग आढळला नाही.

हे शेवटचे वाक्य सावकाश वाचायला हवे. त्याचा एक अर्थ असा, की यापुढे अशा रुग्णांचे जठर वाचवता येईल. दुसरा अर्थ असा, की या १,२३० जणांच्या ग्रंथी रोगमुक्त होत्या. अस्तराचा तेवढा तुकडा अखंड निघाला असता तर त्यांचेही जठर बहुधा वाचले असते. शल्यचिकित्सकांचा यात दोष नव्हता. जठरे काढून तपासल्याशिवाय हे ज्ञान मिळणेच शक्य नव्हते. परंतु आज एखादा शिकाऊ डॉक्टर पडद्याकडे पाहून 'हा निकषात बसतो' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या त्या तीन शब्दांखाली या रुग्णांनी गमावलेली जठरे आहेत. निकष पाठ करून घेताना ही गोष्टही शिकवली जावी, असे मला वाटते.

३

उरला प्रश्न हाताचा. अस्तराखाली क्षारजल टोचून ते फुगवायचे आणि तारेचा फास टाकून विजेच्या प्रवाहाने कापायचे, ही युक्ती जपानी डॉक्टरांनी १९८४च्या सुमारास जठरातील रोगासाठी वापरात आणली. पण फासात मावेल तेवढेच निघे, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत. मोठा रोग तुकड्यातुकड्यांनी काढावा लागे. मग कडेला अवशेष राहत, रोग पुन्हा उगवे आणि सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती फाटलेल्या पानाचे कपटे येत. कोणता कपटा कोणत्या कडेचा हेच न कळल्यावर वाचायचे काय? अखंड तुकडा हवा हा आग्रह उपचाराचा होता, तसाच वाचनाचाही होता.

अखंड तुकडा काढण्याचा मार्गही ठाऊक होता. हिराओ आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सुईसारख्या सुरीने रोगाभोवती गोल चर पाडून मग फास टाकण्याची पद्धत मांडली होती. अडचण अशी, की सुईचे टोक कापताना खाली किती गेले ते दिसत नाही. जठराची भिंत काही मिलिमीटरचीच. ती श्वासाबरोबर आणि नाडीबरोबर हलत असते. टोक स्नायूत घुसले की जठराला भोक पडते. ज्यांच्या हाताला विलक्षण जाण होती त्यांनाच ही पद्धत साधे. मराठीत आपण अशा माणसाला 'हातगुण आहे' म्हणतो, आणि तसे म्हणताना ती गोष्ट शिकवता येणार नाही, हेही नकळत मान्य करतो.

१९९०च्या दशकात राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील होसोकावा आणि योशिदा यांनी त्या सुईच्या टोकावर सिरॅमिकचा एक लहानसा मणी बसवला. सिरॅमिकमधून वीज वाहत नाही. त्यामुळे कापते ती सुरीची बाजू. टोक नुसते सरकत राहते आणि स्नायूला टेकले तरी त्यात घुसत नाही. 'आयटी नाइफ' या नावाने ही सुरी प्रसिद्ध झाली. ओनो, गोतोदा यांच्या पिढीने तिच्यावर हात बसवला. पुढे फास बाजूला पडला आणि अस्तराखालचा सैल थर याच सुरीने सलग उसवत नेणे सुरू झाले.

'उसवणे' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कोटाचे अस्तर काढणारा शिंपी टाक्याटाक्याने जातो आणि वरचे कापड जपतो. येथेही आधी रोगाच्या कडेबाहेर बारीक ठिपक्यांची खूण करायची, खाली निळसर द्रव टोचून अस्तर उचलायचे, ठिपक्यांबाहेरून चर पाडायची आणि मग तुकड्याखाली शिरून धागाधागा सोडवायचा. निळा पारदर्शक थर म्हणजे कापण्याची जागा. त्याखाली पांढरट दिसू लागले, तर तो स्नायू.

ओनो आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९९८ या काळातील ४४५ रुग्णांच्या ४७९ रोगस्थळांचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध केला. त्यात फासाची पद्धत आणि नवी सुरी या दोहोंचा अनुभव आहे. रक्तस्राव आणि भोक पडणे या प्रमुख गुंतागुंती त्यात ५ टक्के नोंदवल्या आहेत. उपचारामुळे मृत्यू मात्र एकही नव्हता. जपानच्या आरोग्यविम्यात जठराच्या ईएसडीचा समावेश २००६ साली झाला. ज्यांना आधी थेट शस्त्रक्रियाच सांगितली गेली असती अशा, विस्तारित निकषांत बसणाऱ्या ४७० रुग्णांच्या बहुकेंद्री अभ्यासात पाच वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण हयात होते, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

तो मणी हे वरकरणी सुरक्षेचे साधन आहे. माझ्या मते तो प्रामुख्याने शिकवण्याचे साधन आहे. असामान्य हाताची सावधगिरी त्याने वस्तूत उतरवली आणि साधारण हाताला चुकण्याची थोडी मुभा दिली. सुधारलेल्या 'आयटी नाइफ २'मध्ये मण्याच्या मागे तीन आखूड पाती आली. आडवे कापणे त्यामुळे सोपे झाले, आणि त्याबरोबर मण्याने दिलेली मुभा काहीशी परतही घेतली गेली. गुरू शिष्याला थोडी थोडी मोकळीक देतो, तसेच काहीसे हे झाले.

४

मणी आला म्हणून शिक्षण संपले नाही. किंबहुना ते तेथून सुरू झाले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाचा आहे. 'योग्या' म्हणजे सराव. भोपळा, काकडी अशा फळांवर कापण्याचा, पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदण्याचा, कमळाच्या देठांवर वेध घेण्याचा अभ्यास करावा, असे तो सांगतो. शास्त्र कितीही ऐकलेले असले तरी सरावावाचून माणूस कर्मास अपात्र, हा त्याचा मुद्दा. आज भोपळ्याच्या जागी डुकराचे जठर आले आहे. आधी मृत प्राण्याचे, मग भूल दिलेल्या जिवंत प्राण्याचे, कारण मृत जठरातून रक्त येत नाही. आणि रक्त आल्यावर पडदा लाल होऊन काहीच दिसेनासे झाले असता काय करायचे, हाच निम्मा अभ्यासक्रम आहे.

जपानी रुग्णालयांतील क्रम साधारणपणे असा असतो. शिकाऊ डॉक्टर दीर्घकाळ रोग ओळखायला शिकतो. मग तज्ज्ञाच्या शेजारी उभा राहून साहाय्य करतो. सुया देतो, सुरी आत-बाहेर करतो, आणि तज्ज्ञाचा हात कोठे थबकतो ते पाहतो. त्यानंतर कामाचे तुकडे मिळतात : आधी खुणा, मग टोचणे, मग चर, शेवटी उसवणे. काम ठरावीक वेळेत पुढे सरकले नाही तर दुर्बीण गुरूच्या हाती परत जाते. पहिले रुग्णही निवडलेले असतात. जठराच्या खालच्या टोकाकडचा लहान, व्रण नसलेला रोग सोपा. वरच्या भागातला अवघड, कारण तेथे सुरीला हवा तसा कोन मिळत नाही आणि रक्तही अधिक वाहते. साधारण तीसेक रुग्णांनंतर हात स्थिरावतो, असे जपानी अभ्यासांतून पुढे आले आहे.

तीस हा आकडा लिहायला सोपा आहे. पण या तीसपैकी प्रत्येक जण एक माणूस आहे आणि त्याच्या पोटात अद्याप पूर्ण न बसलेला हात काम करतो आहे. मूळ विदर्भातील कुटुंबातले अमेरिकन शल्यचिकित्सक आणि लेखक अतुल गावंडे यांनी 'कॉम्प्लिकेशन्स' (२००२) या पुस्तकात हा प्रश्न आडपडदा न ठेवता मांडला आहे. नवशिक्यांना शिकवल्यावाचून समाजाला पुढचे डॉक्टर मिळणार नाहीत. पण स्वतःच्या मुलाच्या हृदयविकाराची वेळ आली, तेव्हा त्यांनी शिकाऊ डॉक्टरऐवजी अनुभवी डॉक्टरच निवडला, ही कबुलीही त्यांनी दिली आहे. ज्यांना निवड करता येते ते अनुभवी हात निवडतात. मग शिकणाऱ्याच्या वाट्याला कोण येते, हे निराळे सांगायला नको.

मणी, डुकराचे जठर, शेजारी उभा गुरू आणि सोप्या रोगांची निवड या साऱ्या योजना म्हणजे ती किंमत कमी करण्याचे प्रयत्न आहेत. किंमत शून्यावर आणणारी योजना अद्याप कोणाला सापडलेली नाही. म्हणून मला या शिक्षणातला सर्वांत मोलाचा धडा कापण्याचा वाटत नाही, थांबण्याचा वाटतो. भोक पडले तर ते चिमट्यांनी मिटवणे, पुढे जाणे धोक्याचे असेल तर काम सोडून देणे, आणि तुकडा अखंड निघाल्यावरही सूक्ष्मदर्शकाखाली रोग खोल गेलेला किंवा रक्तवाहिनीत शिरलेला आढळला, तर 'माझे काम पुरे पडले नाही, आता शस्त्रक्रिया करावी लागेल' असे रुग्णाला सांगणे. 'इकिरू'मधल्या डॉक्टरला जे सांगता आले नव्हते, त्याच्याच जवळपासचे हे वाक्य आहे.

५

जपानबाहेर ही विद्या नेताना वेगळीच अडचण उभी राहिली. सुरी विकत घेता येते, चित्रफीत पाहता येते, तज्ज्ञाला बोलावता येते. सोपे रोग कोठून आणायचे? जपानमध्ये व्यापक तपासण्यांमुळे जठराचा रोग लवकर सापडतो. युरोपात तो मुळातच कमी आणि बहुधा उशिरा सापडणारा. म्हणून युरोपीय संघटनेने २०१९ साली आखलेल्या अभ्यासक्रमात माणसावर हात चालवण्याआधी प्राण्यांच्या नमुन्यांवर किमान वीस वेळा सराव, माणसांवरील पहिल्या किमान दहा वेळी जाणकाराची देखरेख, आणि सुरुवातीच्या वीस वेळी जठराच्या खालच्या टोकातील किंवा गुदाशयातील लहान रोग, असे सुचवले आहे. जपानी पाठ्यक्रमाचा पहिला धडाच बदलावा लागला. भारतातही जठराचा कर्करोग बहुतेकदा पुढच्या अवस्थेत हाती येतो आणि त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर सरसकट तपासणी नाही. मिझोराममध्ये या रोगाचे प्रमाण बरेच अधिक आहे. हात तयार करण्याआधी डोळे तयार करावे लागतात, हा १९६२चा धडा आपल्याला टाळता येणार नाही.

आणि खुद्द जपानमध्ये? या रोगाच्या मुळाशी बहुतांशी 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जंतू असतो. त्याचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २०१३ पासून जपानी विम्याने या जंतूमुळे होणाऱ्या जठरदाहातही त्याच्या निर्मूलनाचा खर्च उचलायला सुरुवात केली. तरुण जपानी पिढीत हा संसर्ग पूर्वीच्या मानाने फारच कमी आहे. म्हणजे जेथे ही विद्या घडली, तेथेच तिचे सोपे धडे हळूहळू दुर्मीळ होत जाणार. कोणत्याही गुरुकुलाला आपले पाठ्यपुस्तक नाहीसे होताना पाहून आनंद व्हावा, अशी वेळ क्वचितच येते. वैद्यकाला तो व्हायलाच हवा. मात्र जे थोडे रुग्ण उरतील त्यांच्यासाठी हात कोठे तयार करायचे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. त्या वेळीही कोणाच्या तरी पोटात कोणाचा तरी पहिला हात उतरणारच आहे.